दातात उरलेला ऑक्सिजन

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. कलबुर्गीकडं, आळंद तालुक्यात आहे, एवढं पुरे. तसं सांगायची गरजही पडत नाही. हुमनाबादच्या स्टँडवर चहा पिताना आमच्यापैकी कुणी जरा मोकळं हसलं की टपरीवाला स्वतःच विचारतो, "तिकडचे का तुमी?" आणि बरोबर आमच्याच गावाचं नाव घेतो. आमच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात. वरच्या पुढच्या चार दातांवर जास्त, बाजूला थोडे कमी. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, ते लहानपणी पोटात गेलं की पक्के दात असेच उगवतात आणि जन्मभर तसेच राहतात. राख, मीठ, कोळसा, कडुलिंबाची काडी, झालंच तर भांडी घासायची पावडर, हे सगळं घासून बघितलं नाही असा माणूस गावात मिळणार नाही.

आमच्याकडच्या बायका हसताना तोंडावर पदर धरतात. एका समारंभात बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी भाषणात त्याचं कौतुक केलं होतं. आजच्या काळातही ह्या गावानं मर्यादा सांभाळली आहे, असं काहीसं. सगळ्या बायकांनी पदराआड मान हलवली. खरं कारण त्यांना सांगायचं तर पदर काढावा लागला असता.

मी चौथीत असताना शाळेत दोन माणसं तपासणीला आली होती. आम्हाला ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाला "ई म्हणा" सांगितलं. आम्ही जीव तोडून ई म्हटलं, कारण सगळ्यात मोठा ई करणाऱ्याला बक्षीस आहे अशी अफवा होती. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, चिवडा खाल्ला आणि गेले. पुढं बऱ्याच वर्षांनी गावात शुद्ध पाण्याचा प्लांट आला. हिरव्या पत्र्याचं शेड, आत यंत्र, बाहेर नळ. फीत कापली, पेढे वाटले. काही महिने चांगलं पाणी आलं, मग आतलं काहीतरी खराब झालं आणि ते बदलायला कुणी आलं नाही. आता त्या शेडच्या सावलीला एक म्हैस बांधलेली असते. योजनेचा लाभ झालेली गावातली ती एकटीच.

असे दात घेऊन मी एम.एस्सी. केलं आणि कलबुर्गीच्या एका पीयू कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायला लागले. मॅडम फार कडक आहेत असं पोरांचं मत होतं. मी कडक वगैरे काही नव्हते, फक्त हसत नव्हते. फळ्याकडं तोंड करून शिकवायची इतकी सवय झाली होती की माझ्या पाठीवरूनच पोरं मला ओळखत असतील.

एकोणतिसाव्या वर्षी बिदरचं स्थळ आलं. मुलगा बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. आई लहानपणीच गेलेली, वडील शांत, आणि सगळा कारभार आत्याच्या हातात. आत्याबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बोलायला लागल्या की समोरच्याच्या हातांची आपोआप घडी व्हायची. बघायच्या कार्यक्रमात मी ओठ मिटून बसले होते आणि ते माझ्या सालस स्वभावाच्या खात्यात जमा झालं. मग त्या मुलानं विचारलं, "टायट्रेशनला तुमची पोरं रंग बदलताना बघतात, का शेजारच्याचं उत्तर बघून थांबतात?" मला हसू आवरेना. मी तोंडावर रुमाल धरला आणि खोकल्याचं नाटक केलं. तोपर्यंत मला बघायला आलेल्या अकरा जणांनी स्वयंपाक येतो का एवढंच विचारलं होतं. मला हा मुलगा पाहिजे होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण आता सांगायला हरकत नाही.

आठ दिवसांनी माझा मामा निरोप घेऊन आला. सोयरिकीत मधला माणूस तोच होता. "पोरगी पसंत हाय म्हनले," तो चपला काढत काढतच म्हणाला. "शिकलेली हाय, नोकरी हाय, वळन बी चांगलं हाय. फकस्त दाताचं तेवढं बगा म्हनले. साखरपुड्याला आल्यावर आत्याबाई बगतील, मगच नारळ घेतील हातात."

जुनी गाडी घेताना माणूस जसं म्हणतो, बाकी ठीक आहे, पुढचा पत्रा तेवढा ठोकून द्या, तसंच हे. मी दोन दिवस तणतणले. असल्या घरात मी पाय ठेवणार नाही, असं आईला चारदा ऐकवलं. तिसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरचा नंबर शोधला. आणि खुद्द आत्याबाईंचे दात दोन्ही जबड्यांचे बसवलेले होते, म्हणजे काढून वाटीत ठेवायचे. हे मामाला माहीत होतं. त्यानं ते मला लग्नानंतर सांगितलं.

डॉक्टर हुमनाबादची निवडली. कलबुर्गीत गेले असते तर दवाखान्याबाहेर माझेच विद्यार्थी भेटले असते, बिदरला मुलाकडचे पाहुणे. हुमनाबादला माणूस बस बदलायला उतरतो, तिथं कोण कुणाकडं बघत नाही. बरोबर अप्पा आले. माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यामुळं खिशात छोटी डायरी आणि पेन. डॉक्टर तरुण होती, घरी कन्नड बोलणारी, पण आमच्याशी मराठीत बोलायची. मंगळवारी तिनं माझे दात आधी घासून घेतले, हिरड्यांवर कसलंतरी आवरण लावलं आणि दातांवर ब्लीचिंगचं औषध लावलं. "सोल्प झणझण होईल अक्का," ती म्हणाली. थोडं होईल असं तिला म्हणायचं होतं. ते थोडं नव्हतं.

पण डाग उतरले. अगदी जाहिरातीसारखे नाही, तरी पट्टे फिके होऊन दातांत मिसळले. फक्त एक नवी अडचण उभी राहिली. माझ्या पुढच्या एका दाताचा कोपरा मी सातवीत असताना कडक भाकरी चावताना तुटला होता. भाकरीनं कुठं दात तुटतो का, असं विचारणाऱ्यांनी आमच्याकडची वाळवून पापडासारखी केलेली भाकरी खाल्लेली नसते, आणि फ्लोराइडचे दात ठिसूळ असतात हेही त्यांना माहीत नसतं. तेव्हाच्या डॉक्टरनं मोठ्या कौशल्यानं तपकिरी रंग जुळवून तिथं फिलिंग बसवलं होतं. आता दात पांढरे आणि तेवढा कोपरा तपकिरी. जुनं फिलिंग काढून नवं, पांढरं बसवायला पाहिजे होतं.

"पण लगेच बसवता येत नाही," डॉक्टर म्हणाली. "ह्या औषधातून ऑक्सिजन सुटतो. तो दातात शिरतो, डाग फिका करतो. काम झालं तरी सगळा बाहेर जात नाही, थोडा आत राहतो. त्यावर फिलिंग लावलं की ते नीट घट्ट होत नाही. चार दिवसांत निघून हातात येतं. दोन आठवडे थांबलात तर ऑक्सिजन आपोआप जातो."

फिलिंग घट्ट होतं ते रेणूंची साखळी जुळून, आणि ऑक्सिजन असला की ही साखळीची अभिक्रिया मधेच अडते, हे मी दर वर्षी फळ्याकडं तोंड करून शिकवते. स्वतःच्या दातात ते कधी घडेल असं वाटलं नव्हतं. साखरपुडा येत्या रविवारी होता.

"मग घाई असेल तर अँटिऑक्सिडंट लावायचं," ती पुढं म्हणाली. "व्हिटॅमिन सी असतं ना, त्याचं सोडियमवालं रूप. त्याचं जेल दातावर दहा मिनिटं ठेवायचं. ते उरलेला ऑक्सिजन ओढून घेतं, मग फिलिंग धरतं. माझ्याकडं संपलंय, हैदराबादहून मागवते. शनिवारी या. तोपर्यंत आंबट खायचं नाही, रंग लागेल असं खायचं नाही, फार गरम-थंड नको. पांढरं खा."

अप्पांनी डायरी काढली आणि लिहिलं: अँटिऑक्सिडंट. व्हिटॅमिन सी. त्याखाली दोन रेघा मारल्या. आंबट खायचं नाही हे त्यांनी लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं, एवढं तर लक्षात राहतं.

पांढरं खा, हे सांगणाऱ्या बाईनं आमचा स्वयंपाक बघितलेला नसावा. आमच्या घरी भात सोडला तर पांढरं काही शिजत नाही. वरण पिवळं, भाजी पिवळी, चटणी लाल, चहा तपकिरी. आईनं दोन दिवस मला दूध-भाकरी दिली आणि प्रत्येक घासाला असं बघत राहिली जणू मी उपोषणाला बसले आहे. पण खरा घोटाळा तिनं केला नाही. तो अप्पांनी केला, तोही मायेनं.

आमच्याकडं कुणाचं काही दुखलं-खुपलं की ते लपवायचं नसतं. सगळ्यांना कळवायचं. ज्याला कळवलं नाही तो वर्षभर रुसतो. कळल्यावर बघायला यायचं, रिकाम्या हातानं यायचं नाही, आणि आणलेलं समोर बसवून खायला लावायचं, हे तर ठरलेलंच. अप्पांनी डायरी बघून फॅमिली ग्रुपवर टाकलं की पोरीच्या दातात ऑक्सिजन अडकला आहे, डॉक्टरांनी व्हिटॅमिन सी सांगितलं आहे, रविवारच्या आत बरं व्हायला पाहिजे.

बुधवारी सकाळी बसवकल्याणहून मावशी आली, आईची थोरली बहीण. पिशवीभर आवळे आणि एक बाटली काढून ठेवलेला रस. दुपारी शेजारच्या काकू चिंचेचं सार घेऊन. गुरुवारी मामी उदगीरहून लिंबाचं लोणचं घेऊन, गेल्या वर्षीचं, मुरलेलं, म्हणजे ताकद जास्त. एका चुलत्यानं जांभळ्या रंगाची बाटली आणली. तो हल्ली असल्या बाटल्या विकायचा आणि आपल्या खाली माणसं जोडायचा. "ह्यात दुनियेतले समदे अँटिऑक्सिडंट हाईत," तो म्हणाला. ते पेनात भरलं असतं तर दोन वर्षं लिहिता आलं असतं.

"काका, मला रंगाचं खायचं नाही."

"रंग कुटं हाय ह्याला? ह्ये निसर्ग हाय."

आता मी काय करायला पाहिजे होतं, ते मला ठाऊक होतं. आम्ल म्हणजे काय हे मी पोटापाण्यासाठी शिकवते. नुकत्याच ब्लीच केलेल्या दातावर आवळा-लिंबू म्हणजे जखमेवर मीठ. जे दाताला वरून लावायचं ते सोडियमचं रूप, आंबट नसलेलं, आणि हे सगळे मला पाजत होते ते निव्वळ आम्ल. हे सगळं मी मावशीला समजावलं, अगदी फळ्यावर काढून दाखवावं तसं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "व्हय ग बाई, तू शिकलेली हाईस. पर डॉक्टरीन बी शिकलेलीच हाय की. तिनंच सांगितलंय म्हनं सी इटामिन." आणि पेला पुढं केला.

मी एक तोडगा काढला. स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा आणला आणि आवळ्याच्या रसात चिमूट टाकली, म्हणजे आम्ल मरेल आणि सोडियमवालं काहीतरी तयार होईल. रस फसफसून पेल्याबाहेर आला, ओट्यावर सांडला. मावशीनं ते बघितलं. तिनं पदरानं डोळे पुसले. "सकाळपासून कुटत बसले मी. आमी आनलेलं कामून चालंना तुला?"

पुढचा पेला मी सोडा न टाकता प्यायले.

शिकणं वेगळं आणि थोरल्या मावशीला नाही म्हणणं वेगळं. पहिल्यासाठी मी विद्यापीठातून पदक आणलं होतं. दुसरं मला कधी कुणी शिकवलंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत वारा लागला तरी कळ दातातून डोळ्यात जात होती. मी तोंडावर ओढणी धरून घरभर फिरत होते आणि आलेली प्रत्येक बाई म्हणत होती, गुण यायलाय बरं का.

शनिवारी डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं आणि थांबली. "काय खाल्लं?"

अप्पांनी डायरी काढली. त्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं, वेळेसहित. आवळ्याचा रस तीन पेले, लिंबाचं लोणचं, चिंचेचं सार, जांभळी बाटली दोन झाकणं. मोठ्या अभिमानानं वाचून दाखवलं.

डॉक्टरनं मास्क खाली केला. "अप्पा, ते लावायचं होतं. खायचं नव्हतं."

"तेच की," अप्पा म्हणाले. "आमी आतून लावलाव."

ती बिचारी हसलीही नाही. तिनं आधी दाताची कळ कमी व्हावी म्हणून काहीतरी चोळलं, थोडा वेळ थांबली. मग हैदराबादहून आलेली ती छोटी ट्यूब उघडली आणि जेल फक्त त्या तुटक्या दातावर लावलं. तीन दिवस ज्याच्यासाठी अख्खं खानदान राबलं होतं ते औषध बोटाच्या पेरावर मावेल एवढं होतं. त्याला धड चवही नव्हती. अप्पांनी मनगटावरचं घड्याळ बघत दहा मिनिटं मोजली आणि अकराव्या मिनिटाला डॉक्टरला आठवण करून दिली. मग धुऊन, वाळवून, निळा उजेड पाडून तिनं फिलिंग बसवलं. नखानं दाबून बघितलं. धरलं होतं.

तिनं आरसा दिला. मी त्यात बघून ई केलं. चौथीनंतर पहिल्यांदाच. मला रडू आलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जिला असले दात नसतात तिला हे सांगून कळणार नाही. मी आरशात माझा चेहरा एकोणतीस वर्षं अर्धाच बघितला होता. अप्पा खिडकीकडं तोंड करून डायरीत काहीतरी लिहायला लागले. त्यांचेही दात आमच्या गावचेच.

रविवारी बिदरहून तीन गाड्या आल्या. माणसं उतरायच्या आधी पाण्याचे जार उतरले, वीस-वीस लिटरचे चार, आणि कागदी पेले. आत्याबाई म्हणाल्या, "तुमाला तरास नको म्हनून आनलंय." आईनं घरातल्या सगळ्या पितळी तांब्यांना चिंच लावून आदल्या दिवशी लखलखीत केलं होतं. ते रांगेत भरून ठेवलेले तसेच राहिले. पाहुण्यांनी एकालाही हात लावला नाही. आई प्रत्येकाला "पानी घ्या" म्हणत होती आणि प्रत्येक जण गोड हसून जारकडं बोट दाखवत होता. थोड्या वेळानं तिनं विचारणं बंद केलं.

मग मला बाहेर आणलं. आत्याबाईंनी जवळ बसवून घेतलं, हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "दाखव बगू." मी ओठ उघडले. त्यांनी अंगठ्यानं वरचा ओठ वर सारला, मान इकडं तिकडं करून पाहिलं. बाजारात बैलाचे दात बघतात तसे. सगळी बैठक श्वास धरून बसली होती. मुलगा समोर होता, आणि तो कमालीच्या एकाग्रतेनं सतरंजीचे धागे मोजत होता.

"झ्याक झालंय," आत्याबाई म्हणाल्या. नारळ हातात घेतला गेला. माझ्या बाजूनं सुस्कारे सुटले. मावशी शेजारणीला सांगत होती, "आवळ्याचा गुन हाय."

मग देण्याघेण्याची बोलणी झाली, हॉल कुठला, माणसं किती. सगळं सुरळीत चाललं होतं. उठायच्या वेळी आत्याबाईंना आठवण झाली. "एक सांगायचं राहिलं. पैलं बाळंतपन माहेरी करायची पद्धत हाय, ते समद्यांना ठाऊक हाय. पर आमी तिला हिकडं पाठवनार न्हाई. सव्वा महिना काय, चार दिवस बी न्हाई. ह्या गावचं पानी तसलं हाय. उद्या लेकराचे दात आसे आले तर कोन बगंल? हिचं निस्तरलं एवढं बास."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं तोंडावर पदर घेतला, एका हातानं ट्रे सांभाळत. "व्हय," ती म्हणाली. "बरोबर हाय की. लेकराचं बगायलाच पायजे." आणि चहा द्यायला लागली.

मी त्या वेळी काय काय जाणत होते ते सांगते. आईच्या दुधातून फ्लोराइड जवळजवळ उतरत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दात सव्वा महिन्यात बिघडत नाहीत, त्याला वर्षानुवर्षं तेच पाणी प्यावं लागतं. आणि वाटलं तर तेवढ्या दिवसांसाठी हेच जार आमच्याही घरी येऊ शकतात, गाड्या दोन्ही बाजूंनी चालतात. तीन वाक्यं. मी पोरांना ह्याहून अवघड गोष्टी समजावल्या आहेत. बोलायला दातही नवे होते.

मी बोलले नाही. मला वाटलं, आत्ता काही बोललं तर नारळ परत खाली ठेवतील. मला तो मुलगा पाहिजे होता. पदराआडही आईचं अपमानानं लाल झालेलं तोंड मला दिसत होतं, आणि त्याच वेळी कॅमेरावाला म्हणत होता, मॅडम, स्माइल. मी स्माइल दिलं. चांगलं मोठं, सगळ्या दातांचं. तो मुलगाही काही बोलला नाही. पुढं एकदा मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "आत्या बोलत होती ना, मी मधे कसं बोलणार?" मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण चिडायला मला तोंड नव्हतं.

लग्न झालं. नवरा बरा आहे. टायट्रेशनवर आम्ही अजून हसतो, आता रुमाल लागत नाही. फिलिंगही अजून पक्कं आहे. त्या दहा मिनिटांच्या जेलनं दातात उरलेला सगळा ऑक्सिजन ओढून काढला असणार, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कॉलेजात मी आता पोरांकडं तोंड करून शिकवते. मॅडम लग्नानंतर बदलल्या म्हणतात.

मुलगी झाली ती बिदरलाच, ठरल्याप्रमाणं. आई आठ दिवसांसाठी आली. आमच्याकडं बाळंतिणीची आई ही त्या दिवसांत घराची मालकीण असते. कोणी काय खायचं, किती वाजता न्हाऊ घालायचं, दार कधी उघडायचं, हे तीच ठरवते आणि घरातले सगळे तिला वचकून असतात. माझी आई आली ती पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसली. डिंकाचे लाडू आणले होते, तेही आधी आत्याबाईंच्या हातात दिले. लाडवात पाणी नसतं, हे तिनं आपणहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला पाजताना मला फार तहान लागली. स्वयंपाकघरात फिल्टर होता, माठ होता, पेले मांडलेले होते. "आई, पाणी दे गं," मी म्हटलं. ती उठली, पण स्वयंपाकघरात गेली नाही. तिनं आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली. दुकानातली, न उघडलेली. ती घेऊन आत्याबाईंच्या खुर्चीजवळ गेली आणि बाटली त्यांच्यापुढं धरली.

"हितल्या स्टँडवरच घेतलेली हाय," ती म्हणाली. "सील बगा. देऊ का हिला?"

आत्याबाईंनी चष्मा लावला, सील बघितलं आणि मान हलवली. मग आईनं झाकण फिरवलं आणि बाटली माझ्या हातात दिली. मी प्यायले. तेव्हाही काही बोलले नाही.